वाट फुटेल तिकडे चोपडा! बिनबेत भटकंतीत हाती लागलेल्या २० गोष्टी

चोपड्याला माणूस येतो तो कामाने. कुणी तहसील कचेरीत, कुणी दवाखान्यात, कुणी लग्नाचा बस्ता बांधायला, कुणी केळीच्या पैशांचं विचारायला. काम झालं की मिळेल ती एसटी धरून परत. ‘चोपडा बघायला आलोय’ असं सांगणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

म्हणूनच हा खटाटोप. पर्यटनाच्या यादीत नसलेल्या गावाचा एक मोठा गुण असतो. तिथे ‘हे पाहिलंच पाहिजे’ असं कुणी बजावत नाही, त्यामुळे सगळंच पाहायला मोकळीक मिळते. दोन तास काढा, मोबाइलमधला नकाशा मिटवा आणि पाय नेतील तिकडे चला. वेळ तेवढी सकाळची नऊच्या आत किंवा संध्याकाळची निवडा, कारण मधल्या वेळेत खान्देशचं ऊन कुणाची गय करत नाही. वाटेत काय काय सापडतं, ते एकेक करून सांगतो.

१. इथे हरवताच येत नाही

चोपड्याच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी. एखाद्या गच्चीवरून क्षितिजावर निळी रेघ दिसली की ती उत्तर. नदीनाल्याचं पात्र आडवं आलं तर उतार ज्या अंगाला, ती दक्षिण. होकायंत्र गावाच्या उशाशीच ठेवलेलं आहे! त्याची किंमत कळायला जर्मनीतल्या संशोधकांचा एक प्रयोग आठवावा. यान सॉमन आणि सहकाऱ्यांनी माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात ‘सरळ चालत राहा’ असं सांगून सोडलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. तो झाकला गेला की ती गोल फिरून आपल्याच वाटेवर परत आली, आणि आपण सरळच चाललोय असं त्यांना वाटत होतं. हे संशोधन २००९ साली प्रसिद्ध झालं. चोपड्यात मात्र ढग आले तरी सातपुडा जागेवरच असतो.

२. रस्त्याचं नावच पत्ता सांगतं

यावल रोड, शिरपूर रोड, धरणगाव रोड. नाव वाचलं की तोंड कुठल्या दिशेला आहे ते कळतं. यावल पूर्वेला, शिरपूर पश्चिमेला, धरणगाव तापीपलीकडे दक्षिणेला. यातला पूर्व-पश्चिम रस्ता म्हणजे अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्ग. एक टोक गुजरातेत नर्मदेच्या मुखाजवळ, दुसरं मध्य प्रदेशात तापीकाठी. त्याच बऱ्हाणपुरात १६३१ साली मुमताजमहलचा मृत्यू झाला आणि तिचं पहिलं दफनही तिथेच झालं. ताजमहालाची गोष्ट जिथे सुरू झाली, त्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपण चहा पीत उभे असतो.

३. हिंडण्याचे रंग किती!

बिनकामाच्या फिरण्याला मराठीने किती शब्द दिलेत ते मोजून पाहा. हिंडणं, भटकणं, उंडारणं, उनाडणं, रपेट, फेरफटका, चक्कर, भ्रमंती, मुशाफिरी. प्रत्येकाची चाल वेगळी. ‘चक्कर’ जेवणानंतरची, ‘रपेट’ घोड्यावरून उतरून पायांवर आलेली, ‘उंडारणं’ आईच्या तोंडचं, ‘मुशाफिरी’ लांब पल्ल्याची. ‘वणवण’ मात्र या यादीत बसत नाही, कारण ती नाइलाजाची असते. पाणी शोधत फिरणाऱ्या बाईला रस्त्याची शोभा दिसत नाही. मनाने मोकळं फिरता येणं हे सुख आहे, हे या एका शब्दात मराठीने नोंदवून ठेवलंय.

४. गावाच्या नावात जमाखर्च

मराठीत ‘चोपडी’ म्हणजे वही. गुजरातीत ‘चोपडा’ म्हणजे हिशेबाची मोठी वही, दिवाळीला जिची पूजा होते ती. गावाचं नाव त्यावरून आलं असं मी म्हणत नाही, पण योगायोग झकास आहे. कारण हे गाव पिढ्यान्‌पिढ्या व्यापाराचं, आणि इथल्या पेठेत मराठीच्या जोडीला गुजराती कानावर पडते. १९९९ ते २००४ या काळात महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष असलेले अरुणभाई गुजराथी याच गावचे. बाजारपेठेतून जाताना दुकानांवरची आडनावं वाचत चला. कोणत्या वाटेने कोण इथे आलं, याचा निम्मा इतिहास पाट्यांवर लिहिलेला असतो.

५. अकबराच्या दप्तरात चोपडा

हे गाव कालपरवाचं नाही. अबुल फज्लच्या ‘आईन-ए-अकबरी’त चोपड्याची नोंद आहे. मोठं, भरभराटीचं गाव. जवळ गिरणा-तापीच्या संगमावर रामेश्वराचं स्थान. तिथे लांबलांबून यात्रेकरू येतात, अशी. आणखी एक गंमत. १६०१ साली असीरगड पडला आणि खान्देश मुघलांकडे गेला, तेव्हा अकबराने आपला मुलगा दानियाल याच्या नावावरून प्रांताचं नाव ठेवलं ‘दानदेश’. कागदावर ते नाव काही काळ मिरवलं. लोकांनी मात्र ‘खान्देश’ सोडलं नाही. बादशहाच्या फर्मानापेक्षा लोकांची जीभ टिकाऊ निघाली!

६. धाब्यावर बसवलेलं घर

जुन्या गल्लीत शिरलात की मान वर करा. खान्देशातलं खास घर म्हणजे धाब्याचं घर. लाकडी तुळया, त्यावर आडव्या काड्या-फळ्या आणि वर मातीचं जाड सपाट छत. हे छत म्हणजे ‘धाबं’. एखादी गोष्ट ‘धाब्यावर बसवली’ असं आपण सहज म्हणतो, ते धाबं हेच. पावसाळ्याआधी या छतावर खारी माती टाकण्याची रीत आहे. त्यामागे पक्कं शास्त्र आहे. खाऱ्या चिकणमातीत सोडियम जास्त असतो. ती ओली झाली की फुगते, बारीक छिद्रं बुजवते आणि पाणी खाली उतरू देत नाही. उन्हाळ्यात जाड माती उन्हाचा तडाखा अडवते. वीज नव्हती त्या काळातला हा खान्देशचा कूलर. रात्री त्याच धाब्यावर अंथरूण टाकून तारे मोजत झोपायचं, हे ज्यांनी अनुभवलं त्यांना विचारून बघा. चेहरा खुललाच म्हणून समजा.

७. जिना नसलेलं दार

जुन्या घरांच्या भिंती निरखून पाहा. कुठे वरच्या मजल्यावर दार आहे पण खाली जिना नाही. कुठे दोन पायऱ्या आहेत, त्या थेट भिंतीला जाऊन भिडतात. घर वाटलं गेलं, भिंत मध्ये आली, जिना पडला, दार राहिलं. जपानमध्ये गेन्पेई अकासेगावा या कलावंताने अशा बिनकामाच्या पण जपल्या गेलेल्या वास्तू-तुकड्यांना नावच दिलं, ‘थॉमसन’. गॅरी थॉमसन हा अमेरिकी बेसबॉलपटू. टोकियोच्या संघाने त्याला भरपूर पैसे मोजून आणलं, आणि त्याची बॅट चेंडूला लागेना. तरी तो संघात राहिला. म्हणून त्याचं नाव! चोपड्याच्या एका गल्लीत असे किती ‘थॉमसन’ सापडतात, ही मुलांना द्यायला उत्तम शोधाशोध आहे. आणि प्रत्येकामागे एका कुटुंबाची गोष्ट असते.

८. कान उघडे ठेवा

‘कथा चालनात भाऊ?’ ‘असाच, फिराले.’ एवढ्या दोन वाक्यांत आपण खान्देशात आहोत हे पक्कं होतं. मराठीत ‘मला, तुला’. इथे ‘माले, तुले’. ‘आहे’च्या जागी ‘शे’, ज्याचं नातं गुजराती ‘छे’शी सहज जुळतं. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या पाहणीत १९०७ सालच्या खंडात खान्देशीला मराठीपासून वेगळं काढून भिल्ली भाषांच्या शेजारी बसवलं आहे. बाजारात अर्धा तास उभे राहिलात तर अहिराणी, लेवा बोली, गुजराती, हिंदी आणि सातपुड्यातून उतरलेल्या पावरा, बारेला, तडवी मंडळींच्या बोली एकाच भाजीच्या ढिगाभोवती ऐकू येतात. आणि घासाघीस सगळ्यांना सारखी समजते!

९. नाकाने वाट काढा

हिवाळ्याच्या संध्याकाळी धुराचा खमंग वास आला तर त्याच्या मागे चला. टोकाला भरताची वांगी भाजणं चाललेलं असतं. खान्देशी भरताला गॅस चालत नाही. वांगं भाजायचं ते कपाशीच्या वाळल्या काड्यांवर. कापूस विकून झाला, काड्या उरल्या, त्यांच्यावर पोटाची सोय झाली. शेताने काही वाया घालवलं नाही. सोबतीला कळण्याची भाकरी किंवा पुरी. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. उन्हाळ्यात वास बदलतो. तेव्हा गच्चीगच्चीवर ज्वारीचे बिबडे आणि कुरडया वाळत घातलेल्या दिसतात, आणि राखणीला बसलेली पोरं कावळ्यांपेक्षा जास्त फस्त करतात.

१०. केळीला झाड म्हणू नका

गावाची शेवटची घरं संपली की केळीचा हिरवा समुद्र. केळ हे शास्त्राच्या दृष्टीने झाड नव्हेच. त्याला लाकूड नाही. आपण ज्याला खोड म्हणतो ते पानांच्या देठांचं घट्ट भेंडोळं आहे, खरं खोड जमिनीत कंदाच्या रूपाने असतं. म्हणजे ही एक अवाढव्य शाकीय वनस्पती, आणि फळ शास्त्रीय व्याख्येने ‘बेरी’! इथल्या शेतकऱ्याचे शब्द मात्र शास्त्रापेक्षा गोड. जूनच्या सुमाराची लागवड ‘मृगबाग’, पावसाळा संपताना केलेली ‘कांदेबाग’. पहिल्या लागवडीची ती ‘नवती’, तिच्या पिलांवर वाढवलेला तो ‘पिलबाग’. जळगावच्या केळीलाही २०१६ सालीच भौगोलिक मानांकन मिळालं. बांधावर उभ्या असलेल्या माणसाला ‘यंदा नवती की पिलबाग?’ एवढं विचारा. पुढचा अर्धा तास तुमचा.

११. नद्या जमिनीत बुडी मारतात

सातपुड्यातून उतरणारे कितीतरी नदीनाले पायथ्याशी आले की आटल्यासारखे दिसतात. पाणी गेलं कुठे? खाली! डोंगरातून वाहून आलेले गोटे, खडी आणि वाळू यांचा जाड थर चोपडा, यावल, रावेरच्या पट्ट्यात साचलेला आहे. त्यात पाणी चाळणीत ओतल्यासारखं मुरतं. भूजलशास्त्रज्ञ त्याला ‘बझाडा’ पट्टा म्हणतात. शब्द मूळचा स्पॅनिश, अर्थ उतरण. वर दिसणारं कोरडं पात्र म्हणजे खाली भरत असलेली तिजोरी आहे. केळीच्या बागांना पाणी पाजणाऱ्या विहिरी याच तिजोरीवर जगतात, आणि उपसा वाढला की ती रिकामीही होते. म्हणून कोरडी नदी ओलांडताना कचरा टाकायचा हात आवरा. ती मेलेली नदी नाही, पाणी मुरण्याचं तोंड आहे.

१२. ऊन ऊन देव

चोपडा तालुक्यात अडावदजवळ, सातपुड्याच्या कुशीत उनपदेव आहे. दगडी गोमुखातून गरम पाणी वाहत राहतं. नावातलं ‘ऊन’ म्हणजे सूर्याचं ऊन नव्हे, ऊन-ऊन भातातलं ऊन. लोककथा सांगते की इथे शरभंग ऋषींचा आश्रम होता आणि त्यांच्यासाठी रामाने बाण मारून हे पाणी काढलं. भूगर्भशास्त्र दुसरी गोष्ट सांगतं. तापीचं खोरं जमिनीतल्या मोठ्या भेगांच्या कडेने घडलेलं आहे. अशा भेगांतून पाणी खोल जातं, तापतं आणि दुसऱ्या फटीने वर येतं. तापी इतर मोठ्या दख्खनी नद्यांसारखी पूर्वेला न जाता पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते, तेही याच भेगांच्या खोऱ्यामुळे. दोन्ही गोष्टी त्या पाण्यात पाय सोडून ऐकाव्यात.

१३. दिवसाढवळ्या बसलेला पिंगळा

‘नीट बघा’ हे सांगायला सातपुड्याइतकी मोठी गोष्ट दुसरी नाही. रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणाला खात्रीने दिसलंच नव्हतं. नामशेष झालं असं बहुतेकांनी गृहीत धरलं. मध्येच रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश कर्नलने १९१४ साली गुजरातेत ते मिळाल्याचा दावा केला होता. पॅमेला रासमुसेन या संशोधक बाईंनी संग्रहालयातल्या पक्ष्याची शिवण तपासली आणि चोरी उघडी पडली. कर्नलने जुनाच नमुना पळवून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती! खोटा पत्ता बाद झाल्यावर शोध खऱ्या जागी वळला. नोव्हेंबर १९९७ मध्ये, सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ, रासमुसेन यांच्या तुकडीला तो उघड्या फांदीवर बसलेला दिसला. तब्बल ११३ वर्षांनी. आणि हा पिंगळा दिवसाही वावरतो, भर उजेडात! बघणाऱ्याने मान वर करायची तेवढी बाकी होती.

१४. लताबाईंचं आजोळ पश्चिमेला

शिरपूरच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्याला लागा. त्या बाजूला तापीच्या काठावर थाळनेर आहे. १३७० साली हा मुलूख मलिक राजा फारुकीला मिळाला आणि त्याने थाळनेरला ठाणं केलं. खान्देशच्या फारुकी सुलतानांची ही पहिली राजधानी. नंतर बऱ्हाणपूर वसलं आणि थाळनेर मागे पडलं. आज गावात फारुकींच्या कबरी आहेत, नदीच्या अंगाला ढासळता किल्ला आहे. आणि याच थाळनेरच्या शेवंतीबाई म्हणजे माई मंगेशकर, लता, मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ यांच्या आई. देशाने ज्या गळ्यांवर प्रेम केलं, त्यांच्या आजोळची माती खान्देशची. गुजराती लोकगीतं या भावंडांच्या घरात कुठून आली असतील, याचा अंदाज चोपड्याच्या पेठेत कान देऊन उभं राहिलं की येतो.

१५. एसटीची पाटी हाच इतिहासाचा धडा

चोपड्याला रेल्वे नाही, त्यामुळे एसटी स्टँड हेच गावाचं महाद्वार. बाकावर बसा आणि गाड्यांच्या पाट्या वाचा.

अमळनेर: साने गुरुजी जिथे मास्तर होते ते गाव. १९४५ साली वनस्पती तेलाची एक कंपनी इथे सुरू झाली, तिचं आजचं नाव विप्रो. मराठी साहित्य संमेलन इथे १९५२ ला भरलं आणि पुन्हा २०२४ ला.

धरणगाव: १८९० साली बालकवी इथे जन्मले. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीची वखार इथे होती.

फैजपूर: डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, सजावट नंदलाल बोस यांची.

जळगाव: शेजारच्या आसोद्याला बहिणाबाई चौधरी जन्मल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या या कवयित्रीच्या नावाने आज विद्यापीठ आहे.

चाळीसगाव: छायाचित्रकार केकी मूस यांचं गाव. त्यांनी तर घराबाहेर पडणंच जवळजवळ सोडलं होतं. टेबलावर वस्तू मांडून, त्यांवर उजेड पाडून ते अख्खे देखावे उभे करत आणि त्यांची छायाचित्रं घेत. बघणाऱ्या डोळ्याला एक टेबलसुद्धा गावाएवढं असतं, हे त्यांनी दाखवून दिलं.

१६. धुळ्याच्या नकाशावर चोपडा फिरा

चोपड्याच्या जुन्या गल्ल्या वळत-वाकत जातात. धुळ्याचा जुना भाग मात्र रेघ मारल्यासारखा. १८१९ साली कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला खान्देशचं मुख्य ठाणं केलं आणि सरळ, समांतर गल्ल्यांची पेठ आखली. त्या गल्ल्यांना नावं न देता नंबर पडले: गल्ली नंबर १, २, ३… आजही पत्ता तसाच सांगतात. फ्रान्समध्ये १९५०च्या दशकात गी दबोर आणि त्याच्या मित्रांनी बिनबेत भटकंतीचे खेळच काढले होते. त्यांच्यातला एकजण लंडनचा नकाशा हातात धरून जर्मनीच्या डोंगराळ हार्त्स भागात फिरला! हा खेळ आपल्याकडेही जमतो. धुळ्याचा पत्ता मनात धरा, ‘दुसरी गल्ली, मग डावीकडे, मग तिसरी गल्ली’, आणि तो चोपड्यात चालवा. जिथे पोहोचाल तिथे तुम्ही एरवी कधीच गेला नसता.

१७. पायी फिरून २२ खंड

खान्देशातला सर्वांत मोठा भटक्या कोण, असं विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. गावोगाव पायपीट करून, वाडे आणि माळे धुंडाळून, कसर लागलेली दप्तरं त्यांनी वाचवली. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने २२ खंड काढले. फिरताना त्यांची नजर कागदांपुरती नव्हती. गावांची नावं, माणसांची आडनावं, शब्दांची मुळं, सगळं ते टिपत गेले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचं निधन झालं आणि पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. एका पायी फिरणाऱ्या माणसाने महाराष्ट्राचा इतिहास रद्दीच्या तोंडातून ओढून काढला. पुढच्या वेळी कुणी तुम्हाला ‘नुसता हिंडतोस’ म्हणालं, तर हे नाव सांगा.

१८. गाव नवं होतं ते दिवस

तेच गाव तारखेप्रमाणे रूप पालटतं. अक्षय्य तृतीया म्हणजे इथली आखाजी. लेकी माहेरी येतात, निंबाच्या फांद्यांना झोके लागतात आणि गौराईची गाणी गल्लीभर ऐकू येतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई. पोटापाण्यासाठी सुरत, पुणे, मुंबईला गेलेले भाऊबंद एका छपराखाली जमतात, रोटाचा नैवेद्य होतो, रात्र जागवली जाते. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्याचे आठवडे बाजार ‘भोंगऱ्या’ होतात. मोठमोठे ढोल आणि पावरीच्या सुरांवर आदिवासी मंडळी फेर धरतात, आणि अंगावरची चांदी उन्हात लखलखते. आधी ठरवून गेलात तर सण दिसतो. न ठरवता त्यात सापडलात तर हाताला धरून कुणीतरी जेवायलाच बसवतं.

१९. पाय चालले की डोकं चालतं

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ साली एक साधी गोष्ट मोजली. बसून विचार करणारे आणि चालत विचार करणारे. चालणाऱ्यांना नव्या कल्पना सरासरी ६० टक्क्यांनी जास्त सुचल्या. बहिणाबाईंना हे कुणी सांगायची गरज पडली नव्हती. त्यांची गाणी शेताच्या वाटेवर, जात्यावर, हातपाय कामात असतानाच जुळली. आपल्याला घरी बसून अडलेलं उत्तर चोपड्याच्या तिसऱ्या वळणावर सापडलं, तर नवल वाटून घेऊ नका.

२०. चित्र काढणाऱ्यांचं गाव

तालुक्याच्या गावात चित्रकलेचं महाविद्यालय किती ठिकाणी असेल? चोपड्यात आहे. भगिनी मंडळाचं ललित कला केंद्र. मला ही गोष्ट गावाची शान वाटते. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला पहिला धडा असतो तो बघण्याचा. समोरचं दार लाल आहे असं म्हणून तो थांबत नाही. कुठे रंग उडाला, कुठे हात लागून लागून लाकूड गुळगुळीत झालं, सावली कुठल्या अंगाला पडली, हे त्याला बघावं लागतं. आपल्याला चित्र येत नसलं तरी ही सवय उचलता येते. एका दारासमोर दोन मिनिटं थांबा. बघा, दुसऱ्या मिनिटात काय दिसतं ते.

निघण्याआधी तीन नियम

पहिला: नाव विचारा. झाडाचं, भाजीचं, गल्लीचं. नाव विचारलं की माणूस बोलता होतो. दुसरा: फोटो काढण्याआधी नजरेने परवानगी घ्या. ओटा हा रस्त्यावर असला तरी तो कुणाचं तरी घर असतो. तिसरा: एक रुपयाची का होईना, वाटेतल्या टपरीवर खरेदी करा. गाव बघायला तिकीट नसतं, पण ऋण असतं.

या वीस गोष्टींत एका ढासळत्या किल्ल्यापलीकडे गड नाही, महाल नाही, रांग लावून बघायचं काही नाही. धाब्याची माती, बोलीतला एक प्रत्यय, कोरडं पात्र, एसटीची पाटी. तरी एकेक धागा ओढला तर कुठला अकबराच्या दप्तरात निघतो, कुठला लताबाईंच्या आजोळी, कुठला जपानच्या बेसबॉल मैदानात. हे सगळं रोज आपल्या डोळ्यांसमोर असतं आणि आपण कामाच्या घाईत त्याच्यावरून निघून जातो. माझं म्हणणं इतकंच आहे की चोपड्यासारखं गाव सुंदर आहे, आणि ते कळायला त्याला आपला वेळ द्यावा लागतो.

तेव्हा पुढच्या खेपेला चोपड्यात काम लवकर आटोपलं आणि गाडीला तासभर अवकाश असला, तर बाकावर मोबाइल उघडून बसू नका. ज्या गल्लीत कधी पाऊल टाकलं नाही, त्या गल्लीत शिरा. आणि चोपडा लांब असेल तर तुमचं स्वतःचं गाव आहेच. आज संध्याकाळीच निघा.